सतराचा पाढा

ड्युटीवरून आलेली शुभदा तशीच ओट्याशी उभी राहिली. पाय भरून आले होते आणि सुट्टीला आलेल्या नणंदेच्या मल्हारनं घर डोक्यावर घेतलं होतं. वन्संनी पोराला कधी धाक म्हणून लावला नाही, ती मनात चडफडली. आमची सई बघा, घरात आहे की नाही तेही कळत नाही.

फळीवरून काढताना लोणच्याची बरणी तिच्या हातून निसटली आणि खळ्ळकन फुटली.

“मामी, तुला लागलं नाही ना?” मल्हार धावत आला.

आतल्या खोलीतून सईचा रडवेला आवाज आला, “आई, मी नाही! मी पाढे पाठ करतेय!”

शुभदा तुकडे तसेच टाकून आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

“अगं, माझ्याच हातून फुटली. ये बाहेर.”

आत सतराचा पाढा मोठमोठ्यानं सुरू झाला.