सतरा नंबरचा पतंग

"ही सतरा नंबरची नोंद तेवढी अडते," काका म्हणाले आणि त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "दोनशे सहांपैकी दोनशे पाचांना नावं आहेत. हिच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह."

तिला वाकून पाहायची गरज नव्हती. ते पान तिला पाठ होतं. लिंबाच्या खोडावर पंख पसरून बसलेला तपकिरी पतंग, पंखांवर दोन काळे डोळे. फोटो हललेला. शेजारी बाबांचं मुंगीएवढं अक्षर: 'ओळख पटली नाही. शोध चालू.'

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. काका त्यांचे मित्र, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बाबांनी बागेत टिपलेल्या फुलपाखरांची आणि पतंगांची ही वही छापायचं त्यांच्या निसर्गमंडळानं ठरवलं होतं.

"सतरा गाळू या ना, काका."

"गाळू? अगं, पुस्तकाचा जीव आहे तो. नवी जात निघाली तर तुझ्या बाबांचं नाव लागेल तिला. निगेटिव्ह असेल ना? हल्ली असं मोठं करून देतात, की पंखावरचा कण न् कण मोजून घ्यावा."

"नसायला काय झालं," आई आतून म्हणाली. "लग्नाचा वाढदिवस एकदा लक्षात राहिला असेल तर शपथ. पण निगेटिव्ह म्हणाल, तर प्रत्येक पाकिटावर तारीख घातलेली."

काका हसले. "मग वहिनी, चहा टाकाच. निगेटिव्ह घेऊनच जातो."

ती बाबांच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. कपाट उघडलं आणि आधी कात्री शोधली.

सतरा नंबर तिनंच केला होता. सात वर्षांची होती तेव्हा.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्या वर्षी मोठ्या तापातून उठले ते थरथरते हात घेऊन. चिमट्यात स्क्रू टिकेना. दुकानाला कुलूप लागलं आणि बाबा दिवसभर मागच्या खिडकीत बसून राहू लागले. बागेत फुलपाखरू आलं तरी कॅमेऱ्याकडे बघायचे नाहीत. आई त्यांच्याशी मुद्दाम भांडून पाहायची, तरी बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी, त्यांचा खुर्चीतच डोळा लागलेला पाहून, तिनं पुस्तकाच्या खाकी कव्हरातून एक पतंग कापला. बुटाच्या पॉलिशनं त्याला डोळे काढले. उलट्या बादलीवर चढून डिंकानं तो खोडाला चिकटवला आणि धावत आत गेली. "बाबा, हा कुठला?"

बाबा उठले. कॅमेरा घेऊन बाहेर आले, लांबच थांबले. "जवळ नको जाऊस, उडेल," म्हणाले आणि एक फोटो काढला. तिचा जीव भांड्यात पडला. ते आत वळल्याबरोबर तिनं पतंग ओरबाडून फ्रॉकच्या खिशात कोंबला आणि ओरडली, "उडाला!"

फोटो धुऊन आला तो हललेला. "हे मेले हात," बाबा म्हणाले होते.

पण त्या फोटोची वाटही न पाहता, दुसऱ्याच सकाळी त्यांनी तिला उठवलं होतं. "चल, तुझा सतरा शोधू या. जवळून तूच पाहिलायस. तुझ्याशिवाय कसा सापडणार?"

शाळेआधी रोज अर्धा तास. वर्षानुवर्षं. सतरा सापडला नाही, पण अठरा सापडला, मग एकोणीस. पानाखालची अंडी कशी बघायची, कोषाजवळ श्वास रोखून कसं बसायचं, हे तिला त्याच अर्ध्या तासात कळलं. बाबांच्या हातांची थरथर कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुकान पुन्हा उघडलं. तिला आयुष्यात जे जे चांगलं मिळालं, त्याचं मूळ त्या सकाळींमध्ये होतं, आणि त्या सकाळींच्या मुळाशी एक थाप होती.

दोनदा तिनं कबूल करायचा प्रयत्न केला. एकदा लग्नाच्या आदल्या दिवशी, एकदा शेवटच्या आजारपणात, त्यांचा हात हातात घेऊन. "बाबा, तो सतरा नंबर..."

"सापडेल गं," दोन्ही वेळा ते म्हणाले. "घाई काय आहे?"

आता तो मोठा करून पाहिला की कापलेली कड दिसणार, ओघळलेला डिंक दिसणार. काका काही बोलणार नाहीत. पण मंडळातले बाकीचे? घड्याळवाला पस्तीस वर्षं कागदाच्या मागे धावला म्हणून चहाबरोबर हसतील. तेवढं तिला होऊ द्यायचं नव्हतं.

"मिळाली का गं?" बाहेरून काकांनी विचारलं.

"बघतेय."

पाकीट मिळालं. आत सहा फोटोंची पट्टी, रोलवरचे एकोणीस ते चोवीस. बाविसाव्याच्या कडेला बाबांची शाईची बारीक खूण. भलताच फोटो कापला जाऊ नये म्हणून तिनं बाबांचं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

बाविसावा तोच. हललेला, पुसट पतंग.

तेविसावं दुसऱ्या सकाळचं फुलपाखरू, लिंबाच्या फुलावर. दोन्ही मिशा केसासारख्या बारीक, स्पष्ट. तिनं कात्री उघडली आणि दुसऱ्या बाजूनं किती जागा आहे ते बघायला पट्टी सरकवली.

एकविसावा फोटो घरातून काढलेला होता. कडेला मागच्या खिडकीचा गज आला होता. पलीकडे उलट्या बादलीवर चवड्यांवर उभी राहिलेली एक मुलगी, निगेटिव्हमध्ये केस पांढरेशुभ्र, दातांत जीभ धरून लिंबाच्या खोडाला काहीतरी चिकटवत होती. तिच्या बोटाला लागलेली डिंकाची तारसुद्धा दिसत होती, इतका कॅमेऱ्यामागचा हात स्थिर होता.