खिडकीतलं कासव

दुकानदाराने कासव तळहातावर घेतलं, उलटं केलं आणि अंगठ्याने कवच हलकेच दाबलं. ते दबलं. दहा वर्षांचं कासव एवढंसंच कसं, असं त्याने विचारलं.

"ऊन देतो की रोज," म्हातारा म्हणाला. "खिडकीत ठेवतो."

"खिडकी उघडी असते?"

"बंद. मांजर येतं."

दुकानदाराने समजावून सांगितलं. काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण कवच ज्यांच्यामुळे घट्ट होतं ते अतिनील किरण काच अडवते. ते मिळाले नाहीत की वाढसुद्धा खुंटते. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. खिडकीतली ती जागा त्यानेच मोठ्या हौसेने शोधली होती.

जन्मभर त्याने बोटीवर इंजिनं सांभाळली. लेकीने हट्ट करून कासव आणलं तेव्हा तो समुद्रावर होता. ती तापाने गेली तेव्हाही समुद्रावरच. रजेवर यायचा तो चार दिवसांसाठी. तेवढ्यात कासवाकडे कोण बघतं? निवृत्त होऊन घरी आला, तेव्हा लेकीचं म्हणावं असं जितंजागतं एवढंच उरलं होतं. हेही आपल्या हातून गेलं तर बायकोला काय तोंड दाखवायचं, या धास्तीने त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

दुकानात तसे किरण देणारे दिवे बरेच होते. गोल बल्ब स्वस्त, पण त्याचे किरण एकाच कोपऱ्यात पडायचे. लांब नळी कासवाच्या सगळ्या पेटीला पुरायची. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, आणि नळी वर्षाने बदलायची, कारण उजेड तसाच दिसतो, किरण मात्र संपलेले असतात. म्हाताऱ्याने एखादा पंप घेताना करावी तशी खोदून खोदून चौकशी केली आणि त्यातली सगळ्यात चांगली नळी उचलली.

घरी त्याने पट्टीने अंतर मोजून ती बसवली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"दुकानदार म्हणाला, वयाच्या मानाने फारच लहान आहे. माझ्यामुळे झालं सगळं."



"तुमचं काहीही चुकलेलं नाही," बायको म्हणाली. "इतकं जिवाला लावून घेऊ नका हो." आणि पदराने डोळे टिपत आत गेली.

पण दिव्याला उशीर झाला होता. कासवाने खाणं सोडलं. एका दुपारी बायको बाजारात गेलेली असताना त्याने पेटीत हात घातला, तर ते हललं नाही.

म्हातारा जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. मग तोंड धुऊन उठला. दुकानात एवढ्याच आकाराची कासवं होती, त्यातलं एक आणायचं. तिला कळणार नाही. एका आईला लेक दुसऱ्यांदा गमवायला लावण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं.

ती यायच्या आत हे पुरायला हवं होतं. गच्चीतल्या सगळ्यात मोठ्या कुंडीत त्याने खुरपं घातलं. माती खोल उकरली, तसं पातं कशाला तरी अडकलं. त्याने हाताने ओढून वर काढलं.

लेकीचा शाळेचा स्कार्फ होता. त्यात गुंडाळलेलं एक कवच निघालं. चांगलं बशीएवढं मोठं, आणि कडक.