काखेतलं घोंगडं

सून बाळंत झाली आणि रक्त थांबेना, तेव्हाच कस्तुराबाईनं घोंगडं काखेत मारलं होतं. थोरली लेक बाळंतपणात अशीच गेली, तिला याच घोंगड्यात गुंडाळून घरी आणलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात तासाभरातच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. एप्रनवर रक्ताचा ठिपका नव्हता. “चिरलंच न्हाय? हात टेकले व्हय?” म्हणत म्हातारीनं हंबरडाच फोडला. “अहो मावशी, सून जिवंत आहे! चला आत.” सुनेच्या मनगटावर इवलीशी पट्टी होती, पोटावर चीरसुद्धा नव्हती. “पिशवी काढली न्हाय?” “नाही. पडद्यावर बघत मनगटातनं बारीक नळी नेली आणि रक्त सांडणारी शीर आतूनच बुजवली.” कस्तुराबाईनं त्या पट्टीवरनं हळूच बोट फिरवलं. “आन् माझ्या लेकीच्या येळंला ह्ये निघालं नव्हतं?” “निघालं होतं की. पण तेव्हा पुण्यालाच व्हायचं.” घोंगडं काखेतनं गळून पडलं. “तिकडंच निघालो हुतो. वाटंतल्या टेंभुर्णीपतुर पोरगी बोलत हुती.”