पेजेवर पेटणारी शेगडी

थंडीच्या अभ्यासासाठी दिलेलं, गार पाणी खेळणारं जॅकेट तासभर अंगावर ठेवूनही शेवंतीमावशी कुडकुडली नाही. "कोळंबी सोलणाऱ्या बाईला गारठ्याची भीती दाखवता होय?" ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, जोडवी काढून ठेवली आणि एमआरआयच्या बोगद्यात शिरली.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईनं पडद्यावर तिच्या मानेजवळचा पट्टा दाखवला. "मावशी, ही तपकिरी चरबी. थंडीत ही शेगडीसारखी पेटते. आमच्या अभ्यासात एवढी कुणाकडेच सापडली नाही!"

मावशी पडद्याला नाक लावून बघत राहिली. "माझ्यात शेगडी? आणि तिला जळण कुठलं?"

"तुम्ही खाल्लेलं."

मावशीचं हसू मावळलं. "म्हणजे सकाळची पेज मी कोळंबीच्या कारखान्यातला बर्फ सोसण्यात जाळते! बारा वर्षं आम्ही बायका गरम कोट मागतोय. सुपरवायझर म्हणतो, तुम्हाला थंडी वाजतच नाही, कोट कशाला?"

"वाजते, मावशी. तुमचं अंग तिच्याशी झगडतंय, ते इथे दिसतंय."

"मग हा फोटो छापून द्या. उद्या त्याच्या टेबलावर ठेवते."

डॉक्टरीणबाईनं बटण दाबलं. मावशी जोडवी चढवता चढवता म्हणाली, "दोन काढा. पहिला तो फाडणार."