मोनाचा बर्फ

मोहाडीचे भुपेंद्र गुरुजी दर हिवाळ्यात बायको-लेकीला घेऊन उबदार हवेत, समुद्रावर जात. लेक मोना मात्र हटून बसे, "बाबा, मले बर्फ पाहाचा आहे!" तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी बाधली की तिची हाडं ठणकत, म्हणून डॉक्टरांनी थंड हवेची वाट बंदच केली होती.

यंदा धान घरात आल्यावर गुरुजींनी बायकोला हळूच विचारलं, "मेघा, घर खायला उठते. समुद्रावर जाऊन येऊ का?"

"बर्फातच जाऊ जी," मेघा म्हणाली.

गुरुजी सवयीनं बोलून गेले, "डॉक्टर नाही म्हणतीन न!"



मेघाच्या डोळ्यांना धार लागली. "आता कोणासाठी नाही म्हणतीन जी?"