डोकेदुखीचा पुरावा

डॉक्टरांनी दोन फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. एक कॉलेजात फिट येऊन पडलेल्या केतकीच्या मेंदूची, दुसरी तिच्या आईची. आजार आईकडून उतरणारा, म्हणून शैलाचाही एमआरआय काढला होता.

"दोघींना सारखेच डाग आहेत. आईचे जुने दिसतात," डॉक्टर म्हणाले. "डोकं दुखून उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, असं कधी व्हायचं का?"

शैलाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नापासून हेच चाललं होतं. सणवार आला, घर पाहुण्यांनी भरलं की तिचं डोकं उठायचं. ती आतल्या खोलीत अंधार करून पडायची आणि बाहेर दिगंबर हसून सांगायचा, "नाटकं आहेत हिची."

"व्हायचं," आता दिगंबरच म्हणाला. "दोन-दोन दिवस उठायची नाही. मलाच ते खरं वाटलं नाही."

एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला ती वीस वर्षं थांबली होती. पण तिची नजर लेकीच्या फिल्मवरून हलेना. ती नाटकंच निघायला हवी होती, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.