चौथं लाइनर

पाणी पुन्हा गळत होतं. वैजयंती लोखंडी चौकटीखाली पालथी पडून बॅटरीच्या उजेडात ते कुठून येतंय ते शोधत होती. चौकटीत पाण्यानं तट्ट फुगलेली प्लास्टिकची मोठी पिशवी होती. केळीचा गर दूर पाठवायचा तर तो अशा पिशवीत भरावा लागतो. तिला लाइनर म्हणतात. वैजयंतीनं स्वतः आखलेलं हे तिसरं लाइनर. आधीची दोन अशीच गळली होती.

“उद्या गरवाले येऊन राह्यले,” मालक भिकनभाऊ येरझाऱ्या घालत म्हणाले. “परत गळालं तर ते बाहेरून माल मागवतील. मग मी हे लाइनरचं मशीन ठेवून काय करू? आणि तुला तरी काय काम देऊ, ताई?”

याच कामासाठी वैजयंती पुण्याची नोकरी सोडून बऱ्हाणपूरला परत आली होती. बुधवारा मोहल्ल्यातल्या शेजारणीनं तेव्हाच विचारलं होतं, “पिशव्या करायला इंजिनिअर कशाला लागते गं?” आता तिला स्वस्थ बसवत नव्हतं. तिनं जोड दुहेरी केले होते. कोपरे गोल केले होते. तोटीची रिंग बदलली होती. घरी दुधाची पिशवी हातात आली तरी तिचं बोट आपोआप जोडावरून फिरायचं.

पाणी काढून तिनं लाइनर जमिनीवर पसरलं. भोक सापडलं. ते जोडावर नव्हतं, कोपऱ्यात नव्हतं. सपाट बाजूच्या मधोमध होतं, बाजरीच्या दाण्याएवढं. कडा वितळून घट्ट झाली होती. तिनं आधीची दोन लाइनर ओढून आणली. त्यांनाही त्याच उंचीवर, दरवाजाकडच्या बाजूला, तसंच भोक होतं.

या शेडमध्ये विस्तव कोण आणतं?

तिची नजर चौकटीच्या आडव्या पट्टीवर गेली. तिथे राखेची बारीक रेघ होती आणि एक काळं पडलेलं केळं.

प्रत्येक वेळी लाइनर भरण्याआधी भिकनभाऊंची आई, भागाबाई, रिक्षानं येत. चौकटीला हळद-कुंकू लावत, नारळ फोडत आणि केळ्यात अगरबत्ती खोचून ते पट्टीवर ठेवत. तेव्हा लाइनर आत सैल लोंबत असे, अगरबत्तीपासून चांगलं वीतभर लांब. पूजा झाली की घड्या मोकळ्या करायला आत हवा सोडत. लाइनर फुगे. फुगून निखाऱ्याला टेके. त्यानंतर पाणी भरलं की धार लागे.

तिनं भिकनभाऊंना सांगितलं. ते स्टुलावर बसले.

“म्हणजे माझ्या मायनं?”

“त्यांनी नाही, भाऊ. हवा आपण भरली.”

आईचा हात लागल्याशिवाय त्यांनी आजवर एकही मशीन सुरू केलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “उद्या नको येऊ म्हणतो तिला.”

सकाळी चौथं लाइनर चौकटीत लागलं. किती दिवसांनी वैजयंतीनं बसून चहा घेतला. तेवढ्यात गर कारखान्याच्या पंकजचा फोन आला.

“मॅडम, निघालो आम्ही. टेन्शन नका घेऊ. माल पास झाला की आमच्याकडे पूजा करू मस्त. हार सांगून ठेवलाय.”

“तुमच्याकडे पण पूजा असते?”

“असते म्हणजे! नवा माल आला की पहिले अगरबत्ती, नारळ. बिना पूजा के आमचे लोक हात पण नाही लावत.”

तिनं कप खाली ठेवला. हे लाइनर आज इथं गळणार नव्हतं. ते तिथं गळणार होतं, गरानं भरल्यावर, सगळ्यांसमोर. ती जवळजवळ धावतच ऑफिसात गेली. भिकनभाऊंच्या कानाला फोन होता. “माय, आज ऊन लई आहे, तू नको...”

“मला द्या,” तिनं फोन घेतला. “आजी, तुम्ही या. लगेच या. आणि अगरबत्ती आणा.”

“पागल झाली का, ताई?”

“भाऊ, तुमच्या आईला तुम्ही थांबवाल. पंकजच्या लोकांना कोण थांबवणार?”

तिनं जाड कॅनव्हास दुहेरी शिवून घेतला आणि लाइनरबरोबरच पाठवता येईल असा, चौकटीच्या आतून चारी बाजूंना पडद्यासारखा लावला. शिवण चालू असताना ती दहादा दरवाजापर्यंत जाऊन आली. भागाबाई आल्या. त्यांनी केळं नेहमीच्या जागी ठेवलं. वैजयंतीनं ते आत सरकवलं, अगरबत्तीचं टोक पडद्याला भिडेपर्यंत.

“अवं बेटा, काय करून राह्यली? जळून जाईन ना ते!”

“जळू द्या, आजी.”

हवा सुरू झाली. पडदा फुगला आणि निखाऱ्यावर चढून बसला. करपल्याचा वास आला. भिकनभाऊंनी डोळे मिटले. वैजयंतीनं पापणीही हलवली नाही. धुराची रेघ बारीक होत गेली आणि थांबली. मग पाणी सोडलं.

दुपारी पंकज आला. त्यानं चौकटीभोवती फेरी मारली, गुडघ्यावर बसून फरशीवर तळहात फिरवला. हात कोरडा होता. उठताना त्याला पडद्याच्या बाहेरच्या थराला पडलेलं काळं भोक दिसलं.

“मॅडम, हे काय? नव्या मालाला भोक?”

“आमची पूजा झाली,” वैजयंती म्हणाली. “आता तुम्ही तुमची करा.”